अर्थव्यवस्थेतील व दैनंदिन जीवनातील शेतीचे स्थान : दिग्रस परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

भारत हा कृषिप्रधान देश आहे, हे विधान शालेय पाठ्यपुस्तकापासून विद्यापीठीय परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपर्यंत सर्वत्र आढळते. एखादे विधान अतिपरिचित झाले की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची निकड उरत नाही. या विधानाच्या बाबतीतही तसेच घडले आहे. १९५०-५१ मध्ये देशाच्या उत्पन्नात शेती व संलग्न व्यवसायांचा वाटा निम्म्याहून अधिक होता आणि काम करणाऱ्या लोकसंख्येपैकी सुमारे ७० टक्के लोक शेतीवर अवलंबून होते. आज देशाच्या सकल मूल्यवर्धनातील शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास आहे. मात्र २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार काम करणाऱ्यांपैकी ४६.१ टक्के लोक शेतीतच होते. म्हणजे सात दशकांत उत्पन्नातील वाटा जवळजवळ एक-तृतीयांशावर आला. श्रमातील वाटा मात्र दोन-तृतीयांशापर्यंतच उतरला.

या दोन टक्केवाऱ्या एकत्र वाचल्या तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ४६ टक्के श्रमिकांच्या वाट्याला १८ टक्के उत्पन्न आणि उरलेल्या ५४ टक्क्यांच्या वाट्याला ८२ टक्के उत्पन्न, असा हा हिशेब आहे. शेतीबाहेर काम करणारी व्यक्ती सरासरीने शेतीत राबणाऱ्या व्यक्तीच्या जवळजवळ चौपट मूल्य निर्माण करते, असा त्याचा अर्थ होतो. अशा स्थितीत ‘कृषिप्रधान’ हे विशेषण गौरवाचे मानावे की चिंतेचे, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस परिसराच्या आधारे करण्यात आला आहे. शेतीचे महत्त्व केवळ राष्ट्रीय उत्पन्नातील तिच्या टक्केवारीवरून ठरविणे अपुरे आहे. शेती अर्थव्यवस्थेला काय देते आणि त्या देण्याच्या मोबदल्यात शेतीकडे काय परत येते, या दोन प्रवाहांतील अंतर हाच तिच्या स्थानाचा खरा मापदंड होय, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

विकासप्रक्रियेतील शेती : सैद्धांतिक भूमिका

उत्पन्न वाढले की अन्नावरील खर्चाचे प्रमाण घटते, हा नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये मांडला. सधन कुटुंब गरीब कुटुंबापेक्षा अन्नावर अधिक पैसे खर्च करील. पण त्याच्या एकूण खर्चातील अन्नाचा हिस्सा लहान असेल. देश श्रीमंत होत गेला की शेतीचा वाटा घटतो, यामागील एक प्रमुख कारण हेच आहे. म्हणून हा वाटा घटणे ही स्वतःमध्ये आपत्ती नव्हे. ज्या प्रमाणात उत्पन्नाचा वाटा घटतो, त्या प्रमाणात माणसे शेतीतून बाहेर पडून अधिक उत्पन्नाच्या कामात सामावली जात नाहीत, तेव्हा आपत्ती निर्माण होते.

ब्रूस जॉन्स्टन आणि जॉन मेलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये आर्थिक विकासातील शेतीच्या भूमिकेचे विवेचन केले. वाढत्या लोकसंख्येला अन्न व उद्योगांना कच्चा माल पुरविणे, निर्यातीद्वारे परकीय चलन मिळवून देणे, इतर क्षेत्रांना श्रमशक्ती पुरविणे, भांडवलनिर्मितीस हातभार लावणे आणि औद्योगिक वस्तूंना बाजारपेठ उपलब्ध करून देणे, ही पाच कार्ये त्यांनी अधोरेखित केली. सायमन कुझनेट्स यांनीही उत्पादन, बाजारपेठ आणि उत्पादनघटक या तीन अंगांनी शेतीच्या योगदानाचे वर्गीकरण केले होते. ही मांडणी आज अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात स्थिरावली आहे. तथापि, तीत शेतीकडे प्रामुख्याने ‘दाता’ म्हणून पाहिले जाते. शेतीने द्यावे व उद्योगाने घ्यावे, असा या व्यवहाराचा ओघ आहे. दात्याच्या पदरात काय उरते, हा प्रश्न तेथे दुय्यम ठरतो.

महाराष्ट्रात मात्र हा प्रश्न फार पूर्वीच विचारला गेला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या श्रमाचे फळ कोणकोणत्या वाटांनी त्याच्या हातून निसटते, याची मीमांसा केलेली आहे. सारा, पट्ट्या, कर्ज, कज्जे आणि कर्मकांड या वाटांची त्यांनी केलेली चिकित्सा ही एका अर्थाने योगदान आणि परतावा यांच्यातील तफावतीचीच चिकित्सा होती. जॉन्स्टन व मेलर यांची पाच कार्ये आणि फुले यांचा हा प्रश्न एकत्र ठेवून पाहिल्यास दिग्रससारख्या परिसराचे चित्र अधिक स्पष्ट होते.

दिग्रस परिसर : जमीन, पाऊस आणि पीकरचना

दिग्रस हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून नगरपरिषद, कृषी उत्पन्न बाजार समिती, महाविद्यालये आणि आसपासच्या खेड्यांना व तांड्यांना सामावून घेणारी बाजारपेठ असे त्याचे स्वरूप आहे. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७.७ लाख होती आणि तिच्यापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक ग्रामीण भागात राहत होते. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून तयार झालेली काळी माती हे या भूभागाचे वैशिष्ट्य आहे. नदीकाठची जमीन खोल व भारी, तर टेकड्यांच्या उतारावरील जमीन उथळ व मुरमाड असते. एकाच गावात, कधी एकाच कुटुंबाच्या दोन वावरांत, जमिनीचा हा फरक पिकाचे भवितव्य ठरवतो. भारी जमीन पावसाचा खंड काही दिवस सोसते. हलक्या जमिनीतील पीक तेवढ्यात माना टाकते.

या भागातील बहुतांश शेती कोरडवाहू आहे. दिग्रसजवळ पैनगंगेची उपनदी असलेल्या अरुणावतीवर १९९४ मध्ये मातीचे धरण पूर्ण झाले आणि त्यामुळे लाभक्षेत्रातील काही जमीन ओलिताखाली आली. परंतु धरणाच्या लाभक्षेत्राबाहेरील गावे मृग नक्षत्राच्या पावसाकडे डोळे लावूनच पेरणीचा निर्णय घेतात. वर्षभराचा एकूण पाऊस पुरेसा दिसला तरी तो किती दिवसांत आणि कोणत्या टप्प्यावर पडला, यावर उत्पादन अवलंबून असते. पेरणीनंतर पाऊस दडी मारून बसला तर दुबार पेरणी करावी लागते. बियाण्याचा खर्च दुप्पट होतो, पीक मात्र एकच हाती येते.

पीकरचनेत गेल्या काही दशकांत मोठा बदल झाला आहे. पूर्वी कापूस, ज्वारी आणि तूर ही या भागातील प्रमुख पिके होती. १९९० नंतर सोयाबीनचा प्रसार झपाट्याने झाला आणि ज्वारीचे क्षेत्र आक्रसले. सोयाबीन अल्पावधीत येते, यंत्राने मळता येते आणि लगेच रोख रक्कम मिळवून देते, ही त्यामागील कारणे शेतकऱ्याच्या दृष्टीने रास्तच होती. परंतु ज्वारीबरोबर धान्यच नव्हे तर कडबाही गेला. कडबा गेल्याने बैलजोडी पोसणे महाग झाले. बैल कमी झाल्याने शेणखत घटले आणि नांगरणी-वखरणीसाठी ट्रॅक्टरचे भाडे रोखीने मोजावे लागू लागले. एका पिकाच्या जाण्याने कुटुंबाच्या अन्नाची, गुरांच्या चाऱ्याची आणि जमिनीच्या खताची अशा तीन घरगुती व्यवस्था एकाच वेळी बाजाराच्या स्वाधीन झाल्या.

कापसाची बाजारपेठ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

या परिसराचे जागतिक अर्थव्यवस्थेशी असलेले नाते नवे नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड प्रांताचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा कापूसपुरवठा खंडित झाला आणि भारतीय कापसाला अभूतपूर्व मागणी आली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. त्यापूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ व इतर माल वाहून नेणाऱ्या बंजारा समाजाचा परंपरागत व्यवसाय लोहमार्गाने हिरावून घेतला. या परिसरातील तांड्यांचा शेती व शेतमजुरीकडे झालेला प्रवास या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो.

कापूस थेट बंदरापर्यंत नेता यावा, या हेतूने विसाव्या शतकाच्या प्रारंभी मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंद मापी मार्ग कारंजा व दारव्हा या गावांवरून टाकण्यात आला. ‘शकुंतला’ या नावाने ओळखली जाणारी ही गाडी आज बंद आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गावर दिग्रसचा समावेश असून त्यापैकी वर्धा ते कळंब या टप्प्यावरील वाहतूक २०२४ मध्ये सुरू झाली.

बाजार नियमनाचा इतिहासही याच भूमीशी निगडित आहे. दिग्रसपासून फार दूर नसलेल्या कारंजा येथील कापूस बाजार १८८६ मध्ये नियंत्रित करण्यात आला आणि देशातील पहिला नियंत्रित कृषिबाजार म्हणून त्याची नोंद केली जाते. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. लँकेशायरला शुद्ध कापूस वाजवी दरात मिळावा हा त्यामागील मुख्य हेतू होता. शेतकऱ्याचे हित हा त्याचा आनुषंगिक परिणाम होता. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्याने बाजार समित्यांची आजची व्यवस्था आकारास आली. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. तीत शासनाने ठरविलेल्या दराची हमी होती. परंतु विलंबाने मिळणारे चुकारे आणि वाढत जाणारा तोटा यांमुळे योजना खिळखिळी झाली व २००२ नंतर तिच्यातील एकाधिकार संपुष्टात आला. योगायोगाने त्याच वर्षी बीटी कापसाच्या लागवडीस देशात परवानगी मिळाली. खात्रीच्या खरेदीचे छत्र दूर होणे आणि बियाण्यावरील खर्च वाढणे या दोन्ही घटना अशा रीतीने लागोपाठ घडल्या.

एक क्विंटल कापसाचा प्रवास

शेती अर्थव्यवस्थेला काय देते, हे समजण्यासाठी एक क्विंटल कापसाचा मागोवा घेणे उद्बोधक ठरेल. जिनिंगमध्ये एक क्विंटल कापसापासून साधारणतः ३४ किलो रुई आणि ६४ किलोच्या आसपास सरकी निघते; उरलेली घट असते. रुई दाबून १७० किलोची गाठ बांधली जाते. म्हणजे एका गाठीसाठी सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. गाठ सूतगिरणीत जाते, सुताचे कापड होते, कापडाला रंग चढतो आणि शेवटी त्याचे कपडे शिवले जातात. सरकीपासून खाद्यतेल निघते आणि उरलेली ढेप दुभत्या जनावरांच्या गव्हाणीत परत येते. वावरात राहिलेल्या पऱ्हाट्या चुलीत जळतात. एका पिकातून वस्त्र, तेल, पशुखाद्य आणि इंधन असे चार पदार्थ जीवनात प्रवेश करतात.

आता किमतीचा विचार करू जाता वेगळे चित्र दिसते. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. एका क्विंटलमधील रुईपासून, सूतकताई व शिवणकामातील घट जमेस धरूनही, ढोबळमानाने शंभराच्या आसपास सदरे तयार होऊ शकतात. म्हणजे एका सदऱ्यामागे शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम, सरकीची किंमत धरूनही, ८० रुपयांच्या आसपास राहते. तीतूनच बियाणे, खत, फवारणी, निंदण, डवरणी आणि वेचणीची मजुरी भागवावयाची असते. दुकानातील सदऱ्याची किंमत प्रत्येक ग्राहकास ठाऊक आहे. मधली वाढ जिनिंग, सूतगिरणी, यंत्रमाग, रंगशाळा, शिवणकाम, वाहतूक आणि विक्री या टप्प्यांवर होते. त्यांतील जिनिंगचा टप्पा कापूस पिकविणाऱ्या भागात घडतो. बाकीचे बहुतेक टप्पे अन्यत्र. दिग्रस परिसराची मुख्य अडचण उत्पादनाच्या अभावाइतकीच मूल्यवृद्धीच्या अभावाची आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

त्यातही हा भाव स्थानिक घटकांवर अवलंबून नसतो. २०२१ मध्ये कापसाच्या आयातीवर ११ टक्के शुल्क लावण्यात आले होते. वस्त्रोद्योगाच्या मागणीवरून ऑगस्ट २०२५ मध्ये ते तात्पुरते हटविण्यात आले आणि ही सवलत पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. नवा कापूस बाजारात येण्याचा काळही नेमका हाच असतो. वस्त्रोद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा ही अपेक्षा धोरणदृष्ट्या समजण्याजोगी आहे. परंतु तिची किंमत कोरडवाहू शेतकऱ्याने मोजावी काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

दैनंदिन जीवनाचे कृषिपंचांग

शेतीचा दैनंदिन जीवनावरील प्रभाव केवळ ताटातील अन्नापुरता मर्यादित नाही. दिग्रससारख्या गावात पैसा कोणत्या महिन्यात फिरतो आणि कोणत्या महिन्यात आटतो, हे पीक ठरवते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन विकले गेले की दिवाळीचा बाजार भरतो. त्यानंतर कापसाची वेचणी सुरू होते आणि हिवाळाभर टप्प्याटप्प्याने रक्कम हाती येते. जानेवारी-फेब्रुवारीत तूर निघते. एप्रिल-मे महिन्यांत लग्ने उरकली जातात आणि जून उजाडता उजाडता घरातील रोकड संपलेली असते. नेमक्या याच वेळी बियाणे व खते घ्यावी लागतात.

शिक्षणसंस्थांच्या दृष्टीने एक बाब येथे विशेष नोंद घेण्याजोगी आहे. महाविद्यालयीन प्रवेशांचा हंगाम आणि पेरणीचा हंगाम एकच असतो. शेतकरी कुटुंबाची तिजोरी वर्षातील सर्वांत रिकाम्या अवस्थेत असताना प्रवेशशुल्क, पुस्तके आणि वसतिगृहाचा खर्च समोर उभा राहतो. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वर्गातील उपस्थिती घटते, तेव्हा अनेक विद्यार्थी सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापसाच्या वेचणीत घरच्यांना हातभार लावत असतात. ही अनुपस्थिती शिक्षणाविषयीच्या अनास्थेची निदर्शक मानली जाते. वस्तुतः ती श्रमाच्या मागणीची निदर्शक असते.

स्त्रियांचे श्रम हा या व्यवस्थेचा सर्वांत मोठा, पण सर्वांत कमी मोजला जाणारा आधार आहे. निंदण आणि वेचणी ही दोन्ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात. वेचणीची मजुरी किलोवर दिली जाते. त्यामुळे बोंडे विरळ फुटली असतील तर तेवढेच श्रम करूनही कमी मजुरी पदरी पडते. सणांचेही असेच आहे. बैलांच्या श्रमाचा सन्मान करणारा पोळा, वेचणीच्या प्रारंभी वावरात होणारे सीतादही, गुढीपाडव्याला ठरणारी सालगड्याची बोली, या सर्वांतून उत्पादनाचे चक्र हेच संस्कृतीचे चक्र बनलेले दिसते. बैलांची संख्या घटली तरी पोळा भरतो, यावरून आर्थिक आधार क्षीण झाल्यावरही सांस्कृतिक आधार काही काळ टिकून राहतो, असे म्हणता येईल.

अन्नाच्या बाबतीत मात्र एक विरोधाभास ठळकपणे जाणवतो. कापूस आणि सोयाबीन ही दोन्ही रोख पिके असल्याने येथील शेतकरी स्वतःच्या ताटातील बरेचसे अन्न विकत घेतो किंवा स्वस्त धान्य दुकानातून आणतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली देशातील सुमारे ८० कोटी लोकांना धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत दिले जात आहे. त्यामुळे भूक टळली, हे निर्विवाद आहे. परंतु ज्वारीच्या भाकरीची जागा गहू-तांदळाने घेतली आणि अन्न पिकविणारे कुटुंबच अन्नाचे ग्राहक बनले. कापसाचा भाव पडला की त्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरावर परिणाम होतो, तो यामुळेच.

योगदान आणि परतावा यांतील अंतर

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७ व्या फेरीत २०१८-१९ मधील शेतकरी कुटुंबांच्या उत्पन्नाचा अभ्यास करण्यात आला. देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळले. त्यापैकी ४,०६३ रुपये मजुरी व वेतनातून, ३,७९८ रुपये पिकांतून, १,५८२ रुपये पशुपालनातून आणि उर्वरित बिगरशेती व्यवसाय व जमीन भाड्याने देण्यातून मिळत होते. याचा सरळ अर्थ असा की, ज्याला सरकारी दप्तरात ‘शेतकरी कुटुंब’ म्हटले जाते, त्याची मजुरीची मिळकत पिकाच्या मिळकतीपेक्षा अधिक आहे. २०११ च्या जनगणनेनेही देशात शेतमजुरांची संख्या १४.४ कोटी आणि कसणाऱ्यांची ११.९ कोटी असल्याचे दाखवून दिले होते. कृषी गणना २०१५-१६ नुसार सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर इतके उरले होते. वाटण्यांनी लहान होत गेलेल्या जमिनीच्या तुकड्यावर कुटुंब उभे राहू शकत नाही, म्हणून ते मजुरीला जाते. आणि गावात मजुरी पुरेशी नसली की पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर अथवा पश्चिम महाराष्ट्रातील ऊसतोडीवर जाते.

या अंतराची सर्वाधिक वेदनादायक बाजू यवतमाळ जिल्ह्याने अनुभवली आहे. १९ मार्च १९८६ रोजी जिल्ह्यातील चिलगव्हाण येथील एका शेतकरी कुटुंबाने सामूहिक आत्महत्या केली. पुढील दशकांत विदर्भातील शेतकरी आत्महत्या हा राष्ट्रीय चर्चेचा विषय बनला. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचा कार्यक्रम जाहीर केला. २००८ ची केंद्रीय कर्जमाफी, २०१७ व २०१९ च्या राज्यस्तरीय कर्जमुक्ती योजना आणि २०१६ पासूनची पंतप्रधान पीक विमा योजना हे त्यापुढील टप्पे होत. २००८ च्या योजनेत संपूर्ण माफीसाठी दोन हेक्टरची मर्यादा होती. ओलिताच्या दोन हेक्टरांतून मिळणारे उत्पन्न आणि कोरडवाहू दोन हेक्टरांतून मिळणारे उत्पन्न यांत महदंतर असते. त्यामुळे अडीच-तीन हेक्टर कोरडवाहू जमीन असलेला विदर्भातील शेतकरी कागदावर ‘मोठा’ ठरून संपूर्ण माफीपासून वंचित राहिला. धोरण आखताना स्थानिक वास्तवाकडे दुर्लक्ष झाले की काय घडते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाचे संरक्षण भेदले. त्याच हंगामात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजुरांचा बळी घेतला आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. फवारणीचे काम रोजंदारीवर करणाऱ्या मजुरांकडे हातमोजे वा मुखपट्टी नसे. उत्पादनखर्चाच्या हिशेबात औषधाची किंमत धरली जाते. ते अंगावर उडणाऱ्या माणसाच्या आरोग्याची किंमत कोणत्याही रकान्यात बसत नाही.

या सर्व उपायांचे मूल्यमापन करताना एक सूत्र हाती लागते. कर्जमाफी, विमा आणि अनुदान हे उपाय हानी झाल्यावर दिलासा देतात. ते आवश्यक आहेत. परंतु हानीचे कारण, म्हणजे योगदान आणि परतावा यांतील अंतर, त्यांनी कमी होत नाही.

अंतर कमी करण्याच्या दिशा

पहिली दिशा पाण्याची आहे. कोरडवाहू कापसाला बोंडे भरण्याच्या अवस्थेत एक-दोन संरक्षित ओलिते मिळाली तरी उत्पादनात लक्षणीय फरक पडतो. त्यासाठी प्रत्येक वावरापर्यंत कालवा पोहोचण्याची आवश्यकता नाही. शेततळे, बांधबंदिस्ती आणि विहीर पुनर्भरण यांची सांगड पुरेशी ठरू शकते. २०१८ पासून राबविण्यात आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात यवतमाळचा समावेश होता आणि त्याचा रोख याच दिशेने होता.

दुसरी दिशा पीकवैविध्याची आहे. कापसात तुरीची ओळ, सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक आणि हलक्या जमिनीवर ज्वारी ही जुनी रचना केवळ परंपरा नव्हती. तो एक प्रकारचा विमाच होता. एक पीक बुडाले तर दुसरे काही अंशी तारून नेत असे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची दिशा मूल्यवृद्धीची आहे. तूर कच्ची विकण्याऐवजी तिची डाळ करून विकली तर प्रक्रियेचा नफा गावात राहतो. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली लघु डाळ गिरणी याचसाठी उपयुक्त ठरली आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठास ज्यांचे नाव दिले आहे, ते पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय कृषिमंत्री होते. कापसाच्या बाबतीत अमरावती येथील नियोजित वस्त्रोद्यान, ज्याची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली, विदर्भातील रुई विदर्भातच सूत व कापड होण्याची शक्यता निर्माण करते. ही शक्यता प्रत्यक्षात उतरताना शेतकरी उत्पादक कंपन्यांना तीत भागीदारी मिळाली तरच तिचा लाभ वावरापर्यंत झिरपेल. अन्यथा कारखान्याचे अंतर कमी होईल, उत्पन्नाचे नाही.

चौथी दिशा ज्ञानाची आहे व ती महाविद्यालयांशी थेट संबंधित आहे. दिग्रसला लागून असलेल्या पुसद तालुक्यातील गहुली हे वसंतराव नाईक यांचे जन्मगाव. १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री राहिलेल्या नाईकांचा १ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून साजरा होतो. हा दिवस महाविद्यालयांत भाषणांनी पार पडतो. त्याऐवजी अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांनी बाजार समितीतील आवक व दर, भूगोल विभागाने पावसाचे खंड व विहिरींची पातळी, समाजशास्त्र विभागाने स्थलांतर आणि गृहअर्थशास्त्र विभागाने आहारातील बदल यांच्या नोंदी सलगपणे ठेवल्यास काही वर्षांत तालुक्याचा विश्वसनीय दस्तऐवज तयार होईल. विद्यार्थ्यांना त्यासाठी दूर जावे लागणार नाही. त्यांच्या घरचा जमाखर्च हेच त्याचे प्राथमिक साधन आहे.

समारोप

शेतीचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा घटला म्हणून तिचे महत्त्व घटले, हा निष्कर्ष घाईचा आहे. तिच्यावर जवळपास निम्मा श्रमिकवर्ग अवलंबून आहे म्हणून तिचे महत्त्व अबाधित आहे, हाही निष्कर्ष अपुराच आहे; कारण पर्यायाअभावी शेतीत अडकून राहणे हे शेतीच्या सामर्थ्याचे लक्षण नव्हे. २०२०-२१ च्या महासाथीच्या वर्षात देशाची एकूण अर्थव्यवस्था आकुंचन पावली असताना शेतीची वाढ मात्र धन राहिली आणि शहरांतून परतलेल्या लाखो माणसांना गावानेच आसरा दिला. संकटकाळी भार सोसण्याची ही क्षमता शेतीने वारंवार सिद्ध केली आहे. परंतु भार सोसणाऱ्याची कायमची सोशिकता गृहीत धरणे न्याय्य नाही.

दिग्रसच्या बाजारात येणारा कापूस जगाच्या वस्त्रव्यवहारात सामील होतो, सोयाबीन खाद्यतेल व पशुखाद्याच्या साखळीत जाते आणि तूर देशाच्या ताटातील वरणात उतरते. या परिसराचे योगदान सर्वदूर पोहोचते. त्या योगदानाचे वाजवी मूल्य तेवढ्याच खात्रीने परत येऊ लागेल, जून महिन्यात बियाण्याची पिशवी आणि मुलीचे प्रवेशशुल्क यांपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ कुटुंबावर येणार नाही, तेव्हाच ‘कृषिप्रधान’ हे विशेषण येथील शेतकऱ्याच्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरेल.